खेळ मांडायचा कुठे?

मैत्रिणींनो, रविवारी रात्री तुमचा मुलगा कानाला हेडफोन लावून बसला असेल आणि मधूनच "मी दोर कापतो" किंवा "मी त्या म्हातारीला खरं काय ते विचारतो" असं काहीबाही मोठ्याने म्हणत असेल, तर घाबरून जाऊ नका. डोकं ठिकाणावर आहे त्याचं. तो एक खेळ खेळतो आहे. मी तर म्हणेन, जमलं तर तुम्हीही शेजारी जाऊन बसा. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या खेळाविषयी थोडं, आणि लांब लांब राहणाऱ्या माणसांनी तो एकत्र खेळायचा तर कॉम्प्युटरवरचा कोणता 'पट' निवडावा याविषयी जास्त. विषय पोरासोरांचा वाटेल. पण मिक्सर घेताना आपण चार दुकानं हिंडतो, दहा जणींना विचारतो. तेवढा विचार इथेही हवा. मिक्सर चुकीचा आला तर फार तर चटणी भरड होते. पट चुकीचा निवडला तर एक माणूस खेळातून उठून जातं, आणि बहुतेक वेळा ते बाईमाणूस असतं.

आधी खेळ समजावून घेऊ. भातुकली आठवते ना? "तू आई हो, मी पाहुणी येते," म्हणत आपण दुपारच्या दुपार घालवायचो. हा खेळ म्हणजे मोठ्यांची भातुकली, फक्त तिला नियम आहेत. चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. गाव, माणसं, वारा-पाऊस, शत्रू हे सगळं त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय बोलेल, काय करील, ते ज्याचं त्याने ठरवायचं. संवाद लिहिलेले नाहीत. आपल्या कोकणातला दशावतार ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. तिथेही कथा ठरलेली असते, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. दशावतारात दैत्य मरणार हे सर्वांना आधीच ठाऊक असतं. इथे ते फासा ठरवतो, एवढाच काय तो फरक.

समजा, सूत्रधार म्हणाला : रात्र आहे. जयगडच्या खाडीच्या तोंडाशी एक गलबत दिव्याशिवाय उभं आहे. काय करता? मी म्हणते, "मी पोहत जाऊन त्यावर कोण आहे ते पाहते." तो म्हणतो, "भरती आहे. १५ लागतील." मग २० बाजूंचा फासा टाकायचा. माझं पात्र कोळणीचं, पोहण्यात तरबेज, म्हणून पडेल त्या आकड्यात ३ मिळवायचे. म्हणजे फाशावर १२ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत. २० बाजूंपैकी ९ बाजू माझ्या, ११ समुद्राच्या. पडले तर मी गलबतावर, नाही पडले तर नाकातोंडात पाणी, आणि गोष्ट तिथून पुढे.

या जातीचा पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला. त्याला ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे लागतात. नियमांची पुस्तकं महाग आहेत. पण २०२३ च्या जानेवारीत त्यातले मूळ नियम कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सर्वांना खुले केले. ते उतरवून घ्यायला, मराठीत करून वापरायलासुद्धा, पैसे पडत नाहीत. फासे नसले तरी अडत नाही. १ ते २० आकडे घातलेल्या २० चिठ्ठ्या रिकाम्या डब्यात टाकायच्या, हलवायच्या, एक काढायची. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर हिशेब बिघडतो.

आमच्या सासूबाईंना 'फासे' हा शब्दच खपला नाही. "धर्मराजाने काय मिळवलं गो फासे टाकून?" म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं नाही. हल्ली ऑनलाइन खेळ म्हटलं की पैसे लावून पत्ते खेळणारी आणि कर्जात बुडालेली मुलंच डोळ्यांपुढे येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने केला तो काही उगाच नाही. तेव्हा घरातल्या आयांनी पहिली चौकशी हीच करावी : यात पैसे लावायचे आहेत का? आपल्या या खेळात नाहीत. इथे कुणी कुणाचं जिंकत नाही, सगळे मिळून एक गोष्ट पुरी करतात. जो काही खर्च येतो तो पटाचा.

आता पट ऑनलाइन कशाला हवा? रत्नागिरीतल्या आमच्या घरी मे महिन्यात सगळी भावंडं जमायची. आंबे, पत्ते, कॅरम, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर धुडगूस. मुलं मोठी झाली तशी पांगली. लेक म्युनिकला, पुतण्या पुण्याला, भाची लग्न होऊन संगमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात, धाकट्या दिरांचा चौदा वर्षांचा मुलगा चिपळूणला. पूर्वी पत्र यायचं, आता फोन येतो. पण "जेवलात का, पाऊस पडला का" यापुढे फोनवर बोलणं सरकत नाही, हा अनुभव तुमचाही असेल. २०२० च्या टाळेबंदीत पुतण्याने हा खेळ काढला. गोष्टही त्याने इथलीच घेतली : आंग्रेकालीन कोकण, जयगड ते पूर्णगडची किनारपट्टी, गलबतं, तांडेल, जकातीच्या चोऱ्या. "काकू, एक माणूस कमी पडतंय," असं म्हणून त्याने मलाही ओढलं. तेव्हापासून एक आड एक रविवार आमचा खेळ असतो. भारतात रात्रीचे नऊ म्हणजे म्युनिकला उन्हाळ्यात दुपारचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार. तिकडे घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं लागतं.

पट निवडताना बाजारात तीन तऱ्हा दिसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मंगल कार्यालय, स्वतःचं घर आणि सतरंजी.

मंगल कार्यालय म्हणजे 'रोल ट्वेंटी'सारखे पट. हे २०१२ सालापासून आहे. काही उतरवून घ्यावं लागत नाही, ब्राउझरमध्ये उघडतं. नकाशा, सोंगट्या, फासे, प्रत्येक पात्राचा कागद, सगळं तिथे मांडलेलं असतं. फुकटात काम भागतं. जास्त जागा, नकाशावर उजेड-अंधाराची करामत वगैरे हवं असेल तर वर्गणी. पण कार्यालय ते कार्यालय. सामान त्यांच्याकडे, नियम त्यांचे. शिवाय तिथली मांडणी मोठ्या पडद्याच्या हिशेबाने केलेली आहे. फोनच्या चार बोटांच्या काचेवर ती हाताळणं जिकिरीचं.

स्वतःचं घर म्हणजे 'फाउंड्री'. हे २०२० च्या मे महिन्यात विक्रीला आलं. एकदाच ५० डॉलर, म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास आणि वर कर. फक्त सूत्रधाराने घ्यायचं. बाकीचे त्याच्या दारातून फुकट आत येतात. सगळा खेळ त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये राहतो, त्यामुळे कुणी उठवणारं नाही. देखणेपणाला तोड नाही. पण घर म्हटलं की डागडुजी आलीच. सूत्रधाराचा कॉम्प्युटर चालू असेल तोवरच खेळ. दुसरी अडचण अशी की आपल्याकडच्या पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. चाळीत सगळ्यांची मिळून एकच टपालपेटी असावी तसं. मग बाहेरच्या माणसाला आपलं दार सापडत नाही, आणि वेगळी जागा भाड्याने घ्यावी लागते. फोनवरून खेळण्यासाठी तर हे केलेलंच नाही. 'फँटसी ग्राउंड्स' हे २००४ पासूनचं जुनंजाणतं नावही आहे, पण ते प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर उतरवावं लागतं.

सतरंजी म्हणजे 'आउलबेअर रोडिओ'. नाव मजेशीर आहे. आउलबेअर म्हणजे या खेळातलं अर्धं घुबड, अर्धं अस्वल असलेलं जनावर. यात नकाशा, सोंगट्या आणि फासे, बस्स. नियम त्याला ठाऊक नाहीत, हिशेब तुम्ही करायचा. सूत्रधार खातं उघडतो आणि बाकीच्यांना दुवा पाठवतो. त्यांना खातं काढावं लागत नाही. फोनवरही उघडतं. फुकटात मिळणारी जागा बेताची, पण घरच्या खेळाला पुरते.

आता सांगते तो भाग नीट ऐका. आमच्या पुतण्याने आधी एक भपकेदार पट आणला होता. नाव सांगत नाही, कारण दोष त्या पटाचा नव्हता. मशाल नेली तिथे उजेड पडायचा, लाटांचा आवाज यायचा. लेक खूश, चिपळूणचा पोरगा तर हरखूनच गेला. भाचीच्या फोनवर मात्र नुसतं चक्र फिरत राही. तिची पाळी आली की सगळे थांबायचे. ती म्हणायची, "माझं सोडा, पुढे चला." दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी तिचा फोन आला, "मामी, तुम्ही सगळे खेळा. मला कुठे एवढा वेळ?"

हे वाक्य कुणाच्या ओळखीचं नाही? आपणच किती वेळा म्हटलं असेल! सहलीला, नाटकाला, पोहायला शिकायला. वेळ नसतो हे खरंच. पण कितीदा खरी गोष्ट वेगळीच असते, आणि ती सांगायला संकोच वाटतो म्हणून वेळेचं नाव पुढे करायचं. मी तिला विचारलं, "वेळेचं राहू दे. फोन कुठला आहे तुझा?" तर तो जावईबापूंनी नवा घेतला तेव्हा तिच्याकडे आलेला, आणि त्यांनाही तो कुणी वापरून दिलेला. घरात लॅपटॉप एकच, तोही जावयांच्या कामाचा.

मग मी आमच्याच घरात पाहिलं. सर्वांत जुना फोन कुणाचा? माझा. ह्यांनी नवा घेतला तेव्हा त्यांचा माझ्याकडे आला होता. शेजारी चौकशी केली, भिशीच्या दिवशी मैत्रिणींना विचारलं. सहा जणींत पाच जणींकडे नवऱ्याचा किंवा मुलाचा उतरलेला फोन! कुणी मुद्दाम केलेलं नाही हो. "तुला काय, फोन नि व्हॉट्सॲपपुरता तर हवा," असं प्रेमानेच म्हटलेलं असतं. कालची पोळी जशी न सांगता आपल्या ताटात येते, तसाच जुना फोन येतो. आणि मग एखादा नवा खेळ, नवा वर्ग, नवी सोय निघते तेव्हा आपण बाहेर. वर पुन्हा सगळे म्हणतात, बायकांना यातलं काही कळत नाही.

पुतण्याला मी एवढंच म्हटलं, "अरे, पंगतीत वाढताना शेवटच्या पानापर्यंत पुरेल असं वाढायचं असतं. पट निवडायचा तर सर्वांत जुना फोन ज्याचा, त्याच्या हातात तो आधी द्यायचा. तिथे चालला तर सगळीकडे चालेल." मुलगा समजूतदार. आठ दिवस मेहनत करून काढलेले नकाशे बाजूला ठेवताना त्याला वाईट वाटलं, ते मला दिसत होतं. पण ठेवले त्याने.

तुम्हाला कधी असा पट निवडायची वेळ आली, मुलांच्या खेळासाठी असो की बहिणी-बहिणींच्या, तर आमच्या अनुभवातून या पाच गोष्टी आधी विचारा :

एक. सर्वांत जुना फोन कुणाचा? पहिली चाचणी त्यावर. तीही भर संध्याकाळी, जेव्हा सगळं गाव इंटरनेटवर असतं. सकाळी चाललं म्हणून रात्री चालेल असं नाही.

दोन. आवाज आणि चित्र वेगळं ठेवता येतं का? या खेळाचा जीव बोलण्यात आहे. नकाशा गेला तर गोष्ट चालते, आवाज गेला की संपलं. म्हणून बोलणं साध्या फोनच्या जमावात ठेवा, व्हिडिओ बंद. नुसत्या आवाजाला डेटा कितीतरी कमी लागतो. वेळेच्या मर्यादाही बघा. फुकटच्या झूमवर ४० मिनिटांनी आणि गूगल मीटवर दोघांपेक्षा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटांनी पडदा पडतो. व्हॉट्सॲपवर तसं बंधन नाही. मुलं 'डिस्कॉर्ड' सुचवतात. तेही चांगलं आहे, पण त्याला १३ वर्षं पुरी हवीत. आणि लहान मुलं असतील तर फक्त आपल्या माणसांची खोली करावी, अनोळखी लोकांच्या गर्दीत सोडू नये.

तीन. वीज गेली तर काय? कोकणात हा प्रश्न आधीच विचारलेला बरा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर भरला, तेव्हा दिरांच्या घरचे सगळे वरच्या मजल्यावर होते आणि फोन लागत नव्हता. मोठ्या संकटात खेळ कुणाला सुचतो? पण साध्या पावसाळी रात्री वीज गेली, एकाचं नेट गेलं, तर त्याचं पात्र तेवढ्यापुरतं कोण चालवणार, हे आधी ठरलेलं असावं.

चार. पैसे एकदाच की दर महिन्याला, आणि कुणी द्यायचे? महिन्याची वर्गणी दुधाच्या बिलासारखी असते. थोडी थोडी म्हणता वर्षाला बरीच होते. कमावत्या एकट्याने भरली की बाकीच्यांना मिंधं वाटतं. फुकटात भागत असेल तर भागवा. खातं काढलंच तर बँकेचा पासवर्ड तिथे वापरू नका. २०१९ च्या फेब्रुवारीत रोल ट्वेंटीच्या लाखो खातेदारांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं होतं.

पाच. उद्या हे दुकान बंद झालं तर? हँगआउट्स नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालं, स्काइप मे २०२५ मध्ये. किती आजी-आजोबांनी स्काइपवर नातवंडं पाहिली होती! म्हणून गोष्ट स्वतःजवळ ठेवायची. आमच्याकडे ते काम माझं. दोनशे पानी वही केली आहे. कुठल्या रविवारी काय झालं, कोण काय म्हणालं, फाशावर किती पडले, सगळं त्यात. आता दुसरी वही चालू आहे.

आमचं शेवटी काय ठरलं? बोलणं व्हॉट्सॲपच्या कॉलवर. नकाशा आउलबेअरवर, ज्याला उघडेल त्याने उघडावा; आणि दर फेरीला पुतण्या त्याच नकाशाचं एक चित्र गटावर टाकतो, म्हणजे कुणाचं अडायला नको. फासे ज्याचे त्याने टाकायचे, आकडा खरा सांगायचा. चिपळूणच्या पोराने सुरुवातीला विचारलं, "कुणी खोटं सांगितलं तर?" मी म्हटलं, "मग गोष्ट खोटी होईल, आणि आपणच तर ऐकणारे." भाची डब्यातल्या चिठ्ठ्या काढते. तिचं बाळ मांडीवर असतं, ते मध्येच डबा वाजवतं. मग सगळे त्याला विचारतात, किती पडले?

आणि एक सांगते. भाचीचं पात्र म्हणजे तांडेलीण, अख्ख्या गलबताची मालकीण. आमची ही मुलगी सासरी पाण्याची मोटर कधी लावायची हेही सासऱ्यांना विचारून करणारी. मागच्या पावसाळ्यात गोष्टीत वादळ आलं. माझी लेक म्हणत होती किनारा धरू, पोरगा म्हणत होता लढू. भाची शांतपणे म्हणाली, "गलबत माझं आहे. शीड उतरवा. मुचकुंदीच्या खाडीत शिरायचं." सूत्रधार म्हणाला, "१७ लागतील." तिने चिठ्ठी काढली. १८! म्युनिकपासून चिपळूणपर्यंत सगळे एकदम ओरडले. पलीकडून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "काय झालं गो?" तर ही म्हणते, "काही नाही आई, गलबत वाचलं." त्या क्षणभर गप्प, आणि मग विचारतात, "माणसं सगळी आहेत ना?"

आता खेळाच्या रविवारी त्याही जवळ बसतात म्हणे. बाळाला तेवढा वेळ त्या घेतात.

मैत्रिणींनो, पट कुठलाही निवडा. महिन्या-दोन महिन्यांनी याहून नवा निघेल, मुलं त्याचं कौतुक सांगतील, ते ऐकून घ्या. फक्त ठरवायच्या आधी घरातल्या बाईचा फोन मागून घ्या आणि त्यावर उघडून पाहा. आणि मुलांना, ह्यांना हेही सांगून ठेवा : पुढच्या वेळी घरात नवा फोन आला की तो कुणाच्या हातात जाईल, याचाही एकदा विचार व्हावा.